दुसऱ्या फळीतला उस्ताद



ज्या खेळाचं मैदान मी आयुष्यात पाहिलेलं नाही, त्या खेळातल्या एका माणसाबद्दल आज बोलणार आहे. खेळ आहे बर्फावरची हॉकी आणि माणसाचं नाव ब्रूस बूद्रो. माझा भाचा कॅनडात नोकरीला असतो. २०२३च्या जानेवारीत त्यानं मला एक चित्रफीत पाठवली. खाली लिहिलं होतं, ‘मामू, हे बघाच.’

चित्रफितीत ६८ वर्षांचा एक प्रशिक्षक उभा होता. त्याचा संघ हरला होता. तरी व्हँकुव्हरचे प्रेक्षक ठेका धरून त्याचंच नाव घेत होते आणि त्याचे डोळे भरून आले होते. दुसऱ्याच दिवशी त्याला कामावरून काढण्यात आलं. हरलेल्या आणि नोकरी जाणाऱ्या माणसासाठी लोक एवढा जीव का टाकतात, हा प्रश्न काही माझ्या डोक्यातून जाईना. मग त्याची हकीकत शोधून वाचली.

आपल्या हॉकीत चेंडू असतो, तिथं रबराची जाड चकती. खेळाडूंच्या पायात धारदार पात्यांचे बूट. वेग असा, की पाऊण-एक मिनिटात खेळाडू दमून बाहेर येतो आणि दुसरा आत उडी घेतो. सगळ्यात वरची स्पर्धा म्हणजे नॅशनल हॉकी लीग. तिच्याखाली लहान लीगांची उतरंड. वर कुणाला दुखापत झाली, की खालच्याला बोलावणं येतं. गरज सरली, की परत पाठवणी.

बूद्रो १९५५ साली टोरांटोत जन्मला. गोल केला की एक गुण, गोलासाठी पास दिला की एक, असा तिथला हिशेब. कुमार गटात १९७४-७५च्या हंगामात त्यानं १६५ गुण मिळवले. तो तेव्हाचा विक्रम होता. टोरांटोच्याच मोठ्या संघानं त्याला निवडलं. वीस वर्षांच्या पोराला आणखी काय हवं? पण वरच्या लीगमध्ये सगळे मिळून तो १४१ सामने खेळला, तेही दहा वर्षांत तुकड्या-तुकड्यांनी. दोन हंगामही पुरे भरले नाहीत. त्याच्या खालच्या अमेरिकन हॉकी लीगमध्ये मात्र ६३४ सामने आणि ७९९ गुण!

पेनसिल्व्हेनियातल्या जॉन्सटाउन गावात तो खेळत असताना तिथं ‘स्लॅप शॉट’ या चित्रपटाचं चित्रीकरण झालं. विषय, अशाच एका डबघाईला आलेल्या दुय्यम संघाचा. नायक पॉल न्यूमन. चित्रपटातल्या नायकाचं घर म्हणून बूद्रोचीच राहती जागा वापरली होती आणि तो स्वतः त्यात गर्दीतला एक खेळाडू म्हणून चमकून जातो. मला ते वाचून हसूही आलं आणि कसंसंही झालं. घर आपलं, त्यात नायक दुसरा.

श्रोतेहो, हे मला ओळखीचं वाटलं. तीस वर्षं मी मराठीत कविता लिहितो आहे. निमंत्रणपत्रिकेत छापलेलं नाव ऐनवेळी गळलेलं मी पाहिलं आहे. रात्री दोन वाजता, सतरंज्या गुंडाळल्या जात असताना कविता म्हटली आहे. दुसऱ्या फळीत राहणं म्हणजे काय, हे मला कुणी सांगायला नको.

बूद्रोनं १९९२ साली खेळणं थांबवलं आणि तो प्रशिक्षक झाला. पुन्हा खालूनच. मस्केगन, फोर्ट वेन, मिसिसिपी, लोवेल, मँचेस्टर, हर्शी. गावामागून गाव, बसचे प्रवास. १९९९मध्ये मिसिसिपीत आणि २००६मध्ये हर्शीत त्यानं त्या-त्या लीगचं अजिंक्यपद मिळवलं. तरी वरून बोलावणं येईना. अखेर २२ नोव्हेंबर २००७ला वॉशिंग्टनचा संघ त्याच्याकडं सोपवला गेला, तोही हंगामी म्हणून. तेव्हा त्याचं वय ५२. संघ ३० संघांत तळाला, २१ सामन्यांत सहा विजय. त्यानं उरलेल्या ६१पैकी ३७ सामने जिंकून दिले आणि संघ गटात पहिला आला. त्या वर्षीचा सर्वोत्तम प्रशिक्षकाचा किताब त्याला मिळाला.

ही काही जादू नव्हती. संघातली काही मुलं हर्शीत त्याच्याच हाताखाली तयार होऊन वर गेली होती. बाकावर बसलेल्या पोराच्या मनात काय चालतं, हे त्याला पुस्तकातून शिकावं लागलं नव्हतं. वर बोलावलं जाणं आणि आठवड्यात परत धाडलं जाणं, दोन्ही त्याच्या अंगावरून गेलं होतं.

गोष्ट इथं संपली असती तर गोड झाली असती. तसं झालं नाही. पुढं ॲनाहाइम, मिनेसोटा, व्हँकुव्हर असं करत त्यानं साखळीतले ६१७ सामने जिंकून दिले. पण निर्णायक सातव्या सामन्यांत आठपैकी सात वेळा हार. सर्वोच्च मानाचा स्टॅनले चषक त्याला कधीच मिळाला नाही. वॉशिंग्टननं तो २०१८मध्ये जिंकला, तेव्हा बूद्रोला तिथून जाऊन सहा वर्षं झाली होती.

आमच्याकडं शायरीत ‘इस्लाह’ नावाची रीत आहे. उस्ताद शागिर्दाची गझल दुरुस्त करून देतो. उस्ताद स्वतः किती गाजला, हे त्या वेळी कुणी विचारत नाही. ओळीत नेमकं कुठं अडतंय, ते त्याला कळलं पाहिजे, आणि ते बहुधा अडखळलेल्यालाच कळतं.

आमच्या मोहल्ल्यातला एक मुलगा वर्षभर माझ्यामागं वही घेऊन फिरत होता. ‘सर, एकदा नजर टाकाल?’ मी टाळत होतो. आपणच कुठं पोचलो नाही, दुसऱ्याला वाट काय दाखवणार, असं वाटायचं. ती चित्रफीत पाहिल्यानंतरच्या रविवारी मीच त्याला घरी बोलावलं. पहिल्याच गझलेत दोन ठिकाणी वजन चुकलं होतं. कुठं, ते मला लगेच दिसलं. त्याच चुका मी त्याच्या वयात केल्या होत्या.

आता दर रविवारी तो येतो. सोबत आणखी दोघं असतात. चहा होतो आणि वह्या उघडतात.