श्रीमंत कोणाला म्हणायचं?



श्रीमंत कोण? चाळीत ज्याच्या खोलीला पंखा, तो श्रीमंत. गावाकडं दोन बैल जास्त, तो श्रीमंत. ही झाली पैशाची मोजणी. माझी मोजणी निराळी आहे. ज्याचं म्हणणं मोर्चा काढल्याशिवाय सरकारच्या कानात जातं, तो खरा श्रीमंत.

१९४८ साली भाषावार प्रांतांसाठी दार कमिशन बसलं. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याला जे निवेदन दिलं, त्यात विरोधकांचे मुद्दे मांडून ते खोडलेले आहेत. त्यांतला एक मुद्दा नीट ऐका. व्यापार-उद्योग गुजराती भांडवलानं उभा केला, मराठी माणसं नुसती कारकून आणि हमाल, तेव्हा मालकांना कामकऱ्यांच्या सत्तेखाली ठेवणं अन्यायाचं! म्हणजे भीती भाषेची नव्हतीच, बरं का. भीती तुमच्या मताची होती. तिजोरी त्यांच्याजवळ होतीच, पण मतपेटीत मालकाचं मत एक आणि बदलीवाल्याचंही एकच. हे त्यांना खुपत होतं.

२१ नोव्हेंबर १९५५ ला फ्लोरा फाउंटनला गोळ्या चालल्या. लढ्यात शंभरावर माणसं गेली, त्यांत गिरण्यांतली किती! १९५७ साली गिरणगावानं कॉम्रेड डांग्यांना लोकसभेत धाडलं, समितीचे उमेदवार ठिकठिकाणी निवडून आले, आणि १ मे १९६० ला मुंबईसह महाराष्ट्र झाला. पैसा तेव्हा हरला.

पण कायमचा हरला का? १९८२ च्या जानेवारीत सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. पुढं गिरण्या एकामागून एक बंद पडल्या, जमिनी मात्र उरल्या. १९९१ च्या नियमानं त्या जमिनीचे तीन वाटे ठरले : एक मोकळ्या जागेला, एक घरांना, एक मालकाला. २००१ साली नियम फिरवला. वाटे करायचे ते फक्त रिकाम्या जमिनीचे, शेड पाडून निघेल ती जमीन त्यात नाही! २००६ साली सर्वोच्च न्यायालयानंही ते मान्य केलं. यासाठी मालक लालबागच्या रस्त्यावर घोषणा देत चाललेले कुणी पाहिले? आपण मात्र घरांसाठी मोर्चे काढीतच राहिलो. राज्य आपण आणलं, पण मंत्रालयाच्या दारात ओळख त्यांची. चूक आपलीही आहे. मत देऊन आपण घरी गेलो. ते मत न मागता रोज तिथं जात राहिले.

घराच्या अर्जाची पावती ज्यांच्याजवळ आहे त्यांनी ती जपून ठेवावी. मत मागायला जो येईल, त्याला चहा नंतर. आधी ती पावती दाखवायची आणि विचारायचं, माझ्या वाट्याची जमीन कुठं आहे?