सगळा दोष शुगरवर नको



पवनी तालुक्यातलं कोंढा हे धानाच्या पट्ट्यातलं गाव. रोवणीच्या दिवसांत इथं स्वतःच्या तब्येतीकडे बघायला कुणालाच फुरसत नसते. मधुमेह असलेली बाई दिवसभर बांधीत वाकून राबते आणि थकवा आला की म्हणते, "शुगर वाढली असेल." वजन उतरलं, तरी शुगर. पोट बिघडलं, तर मधुमेहावरची मेटफॉर्मिनची गोळी सोसत नाही. शौचातून रक्त गेलं, तर मूळव्याध. हे अंदाज पुष्कळदा खरेही असतात. पण मोठ्या आतड्याच्या कर्करोगाची लक्षणंही हीच आहेत.

टाइप 2 मधुमेहात शरीर इन्सुलिनला नीट दाद देत नाही, म्हणून स्वादुपिंड ते जास्त तयार करतं. हे जादा इन्सुलिन पेशींच्या वाढीलाही चालना देतं. मधुमेहींमध्ये आतड्याचा कर्करोग इतरांच्या सुमारे सव्वापट आढळतो, त्यामागचं हे एक कारण मानलं जातं.

उपचारांतही साखर आडवी येते. ती वाढलेली असताना ऑपरेशन झालं, तर जखम चिघळण्याचा धोका वाढतो. केमोथेरपीत उलटी थांबवण्यासाठी डेक्सामेथासोन देतात, त्यानं साखर चढते. ऑक्झॅलिप्लॅटिन या औषधानं हातापायांना मुंग्या येतात. मधुमेहानं पाय आधीच बधिर झालेले असतील, तर चिखलात काटा रुतला तरी कळत नाही. अशा रुग्णानं अनवाणी बांधीत उतरू नये.

मेटफॉर्मिनबद्दल एक आशादायक गोष्ट आहे. पुढे कर्करोगात बदलू शकतात अशा आतड्यातल्या गाठी काढलेल्या, पण मधुमेह नसलेल्या 151 जणांवर जपानमध्ये चाचणी झाली. वर्षभर कमी मात्रेत हे औषध घेणाऱ्यांमध्ये नव्या गाठी कमी आढळल्या. निष्कर्ष 2016 मध्ये प्रसिद्ध झाले. मात्र यावरून मेटफॉर्मिन हे कर्करोगाचं औषध ठरत नाही. कुणी ते मनानं सुरू करू नये, आणि कर्करोगाच्या भीतीनं इन्सुलिनही बंद करू नये.

तिशीनंतरच्या सरकारी तपासणीत तोंड, स्तन आणि गर्भाशयमुखाचा कर्करोग पाहतात. आतड्याचा त्यात नाही. म्हणून आपणच तोंड उघडायला हवं. शौचाची सवय तीन-चार आठवडे बदललेली राहिली, रक्त गेलं, कारण नसताना वजन किंवा हिमोग्लोबिन उतरलं, तर डॉक्टरांना स्पष्ट सांगा आणि कोलोनोस्कोपी, म्हणजे आतड्याची दुर्बिणीतून तपासणी, लागेल का, ते विचारा. पुढे नागपूरच्या राष्ट्रसंत तुकडोजी कर्करोग रुग्णालयात किंवा आणखी कुठं जावं लागलं, तर शुगरचे सगळे रिपोर्ट आणि चालू गोळ्या सोबत न्या. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगाच्या उपचारांचा समावेश आहे, त्याचीही चौकशी करा.

माय-बहिणींनो, भावांनो, रक्त दिसलं तर लाजू नका आणि रोवणी संपण्याची वाट पाहू नका. हा कर्करोग लवकर सापडला, तर बहुतेकदा बरा होतो.