शब्दाला शब्द न देता



मृताला शांतपणे निरोप देऊ द्यावा, ही साधी माणुसकी. ती कोणी सोडली तर समाजाने काय करावे? अमेरिकेतील एक उदाहरण पाहू.

कॅन्सस राज्यात टोपेका येथे फ्रेड फेल्प्सने स्थापलेला ‘वेस्टबरो बाप्टिस्ट चर्च’ हा छोटा पंथ आहे. देश समलिंगी संबंधांना थारा देतो म्हणून देव त्याचे सैनिक मारतो, असा त्यांचा दावा. 2005 पासून ते सैनिकांच्या अंत्यविधीपाशी देवाचे आभार मानणारे फलक धरू लागले.

मेरीलँडमधील एका सैनिकाच्या पित्याने खटला भरला. 2011 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने 8 विरुद्ध 1 मतांनी पंथाच्या बाजूने निकाल दिला. सार्वजनिक प्रश्नावरचे, सार्वजनिक जागेतले बोलणे दुखावणारे असले तरी त्याला घटनेचे संरक्षण आहे, असे न्यायालय म्हणाले. 2012 च्या कायद्याने मात्र अंत्यविधीआधी व नंतर 2 तास, 300 फुटांच्या आत शांतताभंगास मनाई केली.

लोकांनी आपली वाट काढली. ‘पेट्रियट गार्ड रायडर्स’ हे मोटारसायकलस्वार कुटुंबाने बोलावले तरच जातात. ध्वज धरून रांगेत उभे राहतात, फलक नजरेआड करतात. वाद घालत नाहीत.

मित्रहो, मन त्या पित्याकडेच ओढ घेते. पण अप्रिय बोलणाऱ्याचे तोंड बंद करण्याचा अधिकार सरकारला दिला, तर उद्या तो आपल्यावरही चालेल. म्हणून कायद्याने अंतर राखावे आणि शोकग्रस्तांभोवती आपण उभे राहावे.