तार नसलेला पेसमेकर आणि न विचारलेली बाई

(महिला कार्यकर्त्यांच्या आरोग्य शिबिरातील भाषणाचा संकलित मजकूर)



आज मी औषधाच्या मोठ्या कॅप्सूलएवढ्या, जेमतेम दोन ग्रॅमच्या एका यंत्राबद्दल बोलणार आहे. पण आधी एका बाईंबद्दल सांगते.

साठी ओलांडलेल्या या बाई आठवड्यातून तीनदा डायलिसिसला जायच्या. वर्षभर त्यांच्या डोळ्यांपुढे अंधारी येत होती. दोनदा त्या ओट्यापाशी पडल्या. घरचे म्हणाले, अशक्तपणा. शेजारीण म्हणाली, बाहेरचं काहीतरी. शेवटी ईसीजी काढला, तेव्हा नाडी मिनिटाला ३५ निघाली. हृदयाच्या वरच्या कप्प्यातून खालच्या कप्प्याकडे जाणारा विजेचा संदेशच अडत होता.

नेहमीच्या पेसमेकरची डबी खांद्याजवळच्या हाडाखाली, कातडीच्या आत बसवतात. तिथून तार शिरेतून हृदयापर्यंत जाते. हा उपचार जुना आणि खात्रीचा आहे. बहुतेकींना तोच पुरतो. मात्र त्यात ज्या अडचणी येतात, त्या बहुधा डबीच्या जागेत किंवा तारेत येतात : जंतुसंसर्ग होतो, तार सरकते किंवा तुटते. डायलिसिसच्या रुग्णाला संसर्गाचा धोका आधीच जास्त असतो. शिवाय तारेमुळे शीर आकसली, तर डायलिसिससाठी हातात केलेला फिस्टुला धोक्यात येतो. तो गेला की जगण्याची वाटच अडली.

अशा रुग्णांसाठी तार नसलेला पेसमेकर महत्त्वाचा. मांडीच्या शिरेतून नळी घालून तो थेट हृदयाच्या उजव्या खालच्या कप्प्यात बसवतात. डबी नाही, तार नाही, छातीवर व्रण नाही. २०१२ च्या अखेरीस तो माणसात प्रथम बसवला गेला. अमेरिकेत २०१६ मध्ये त्याला मान्यता मिळाली. २०२३ मध्ये दोन कप्प्यांत बसवायची, एकमेकींशी संदेश साधणारी जोडीही मान्य झाली.

पण नवं म्हणजे निर्धोक नव्हे. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या ७२५ रुग्णांच्या अभ्यासात १.६ टक्के जणांच्या हृदयाला बसवताना इजा झाली. २०२१ मध्ये अमेरिकी औषध प्रशासनाने डॉक्टरांना सावध केलं, की अशी इजा झालीच तर ती तारेच्या पेसमेकरपेक्षा गंभीर ठरू शकते. आणि हा धोका कोणाला जास्त? वयस्कर, अंगाने बारीक आणि बाई असलेल्या रुग्णाला. म्हणजे जिला या यंत्राची गरज, तिलाच त्याची जोखीमही. म्हणूनच निर्णय तिला सगळं समजावून, तिनेच घ्यायला हवा.

इथे नेमकं उलट घडत होतं. डॉक्टर मुलाशी बोलत होते. किंमत नेहमीच्या पेसमेकरच्या कित्येक पट. मुलगा म्हणाला, "या वयात एवढा खर्च?" बाई खाटेवर बसून मला म्हणाल्या, "माझ्याच काळजात काय घालणार, ते मला कुणी सांगेल का?"

आम्ही डॉक्टरांना त्यांच्या खाटेपाशी आणलं. बाईंनी फायदे ऐकले, धोके ऐकले आणि विचारलं, "माझ्या हाताला धक्का लागणार नाही ना?" मग होकार दिला. तात्पुरत्या तारेवर चार दिवस काढून, ट्रस्टांकडे खेटे घालून पैसे उभे केले. आज त्या स्वतः बसने डायलिसिसला जातात.

शरीरात बसवलेला पहिला पेसमेकर १९५८ साली स्टॉकहोममध्ये आर्ने लार्सन यांना लावला गेला. यंत्र तयार नाही म्हणणाऱ्या डॉक्टर आणि अभियंत्याची पाठ त्यांच्या पत्नी एल्स-मारी यांनी सोडली नाही. लार्सन २००१ पर्यंत जगले. नवऱ्यासाठी हट्ट धरणाऱ्या बायका आपण घरोघर पाहतो. बाईसाठी हट्ट कोण धरतं?

तो आपण धरू या. वस्तीतल्या बाईला वारंवार चक्कर येत असेल, तर आधी नाडी मोजा, ईसीजी काढायला लावा. पेसमेकर सांगितला तर विचारा : कोणता आणि का? मला कोणता धोका जास्त? बॅटरी संपल्यावर पुढे काय? सरकारी योजनेत हे बसतं का? महाराष्ट्रात धर्मादाय रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखायच्या असतात. तो हक्क मागा.

आणि संमतीच्या कागदावर सही तिचीच असू द्या. समजून केलेली.