मूल कोणाचे?



मुलाच्या ताब्याचा अर्ज न्यायालयात दाखल झाला की गावात चर्चा सुरू होते: मूल आईचे की बापाचे? कायद्याला हा प्रश्नच मान्य नाही. पालक नेमताना अज्ञान मुलाचे हित पाहावे, असे 1890 च्या पालक व पाल्य कायद्याने सांगितले. 1956 च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्याच्या 13 व्या कलमाने ते हित सर्वोपरी ठरविले. आपल्या मुंबई उच्च न्यायालयाने तर 1941 च्या निर्णयसंग्रहात छापलेल्या एका खटल्यातच बापाचे आणि आईचे हित बाजूला सारून मुलाच्या हिताला अग्रस्थान दिले होते.

परंतु मुलाचे हित कशात, हे ओळखणे सोपे नसते. दोन घरे डोळ्यांसमोर आणा. एका घरात बाप दारू पिऊन आईला आणि मुलाला मारतो. दुसऱ्या घरात बाप हयात नाही. आई पहाटे काजूच्या कारखान्यात जाते आणि मूल दिवसभर एकटे असते. दोन्हीकडे मुलाची आबाळ दिसते, म्हणून लोक दोन्ही घरांविषयी एकच निकाल देतात: मूल एखाद्या वसतिगृहात टाका. पण पहिल्या घरात भय आहे, दुसऱ्यात अभाव. अभावाबद्दल आईला शिक्षा करणे हा न्याय नव्हे.

भयावर कायद्यात उपाय आहे. 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली दंडाधिकारी मारणाऱ्या पुरुषालाच घराबाहेर राहण्याचा हुकूम देऊ शकतात आणि मुलाचा तात्पुरता ताबा आईकडे सोपवू शकतात. मार खाणाऱ्याने घर सोडावे, ही जुनी रीत येथे उलटी केली आहे. अभावासाठी राज्य सरकारची बालसंगोपन योजना आहे. 2023 पासून तिच्यातून पात्र मुलामागे दरमहा 2,250 रुपये मिळतात. रक्कम मोठी नाही. पण तेवढ्यावर पुष्कळदा मूल घरात राहते आणि शाळेतही.

2015 च्या बालन्याय कायद्याने प्रत्येक जिल्ह्यात बालकल्याण समितीची तरतूद केली. अध्यक्ष आणि चार सदस्य अशी तिची रचना. संकटातले मूल सापडल्यास 24 तासांच्या आत, प्रवासाचा वेळ वगळून, तिच्यासमोर आणावे लागते. देखरेखीची अट घालून समिती मूल आईबापांकडे परत देऊ शकते. संस्थेत ठेवणे हा अखेरचा मार्ग, असे तत्त्व कायद्यातच लिहिले आहे.

यावर कोणी म्हणेल, मग रक्ताच्या नात्यावर सगळे सोडून द्यावे काय? मुळीच नाही. काही घरांतून मूल त्याच रात्री बाहेर काढावे लागते. तेथे ‘आई ती आईच’ या वाक्याने जखम भरत नाही. आम्ही एवढेच म्हणतो की निर्णय पुराव्यावर व्हावा. अधिकाऱ्याची गृहभेट, शिक्षकांचे म्हणणे, डॉक्टरांचा दाखला, आणि मूल समजत्या वयाचे असल्यास त्याची स्वतःची इच्छा, हे सारे तोलले जावे. झालेला हुकूम दगडावरची रेघ नसतो, हेही ध्यानात ठेवावे. ताब्याचे आदेश परिस्थितीप्रमाणे बदलता येतात, असे सर्वोच्च न्यायालयाने 1973 मध्ये स्पष्ट केले. सुधारलेल्या पालकाला दार उघडे राहते. बिघडलेल्यावर ते बंदही करता येते.

मात्र न्यायाधीश खुर्चीवर बसून वाडीतल्या भिंतीपलीकडचे रडणे ऐकू शकत नाहीत. ते शेजाऱ्याला ऐकू येते. ‘दुसऱ्याच्या घरात कशाला पडा’ म्हणून आपण गप्प बसतो आणि पुढे निकाल चुकला की न्यायालयाला बोल लावतो. रडणे रोजचे झाले, तर 1098 या क्रमांकावर कळवावे. आई कामावर असेल, तर दोन तास तिचे मूल आपल्या ओटीवर बसू द्यावे. यांतले पहिले केल्याने काही मुले घराबाहेर सुखरूप निघतील. दुसरे केल्याने त्याहून अधिक मुले घरातच सुखरूप राहतील.