रस्ट शिकायचंय? मग टूल्सवर एकच संध्याकाळ घालवा

(एपिसोडचा लिखित मजकूर. बोलताना आलेले "म्हणजे" आणि "बेसिकली" शक्य तितके काढलेत, बाकी जसं बोलले तसंच ठेवलंय.)

 

आपल्याकडच्या ज्युनियर मुलामुलींचे मला मेसेज येतात. त्यात सध्या एक प्रश्न सारखा असतो: "ताई, रस्ट शिकायला घेतोय, एडिटर कुठला टाकू?" भाषा कशी आहे, जमेल का, हे नंतर. आधी एडिटर! मग पंधरा दिवस थीम, फॉन्ट, प्लगिन यातच जातात आणि पहिल्या मोठ्या एररला भाषा सुटते. म्हणून आज माझं म्हणणं सरळ आहे. टूल्सवर एक संध्याकाळ खर्च करा. उरलेला सगळा वेळ कंपायलर काय बोलतोय ते वाचण्यात घाला. रस्टमध्ये खरा मास्तर तोच आहे.

आधी थोडक्यात, रस्ट म्हणजे काय. ग्रेडन होर नावाच्या प्रोग्रामरने २००६ मध्ये स्वतःचा प्रोजेक्ट म्हणून सुरुवात केली. त्याच्या इमारतीतली लिफ्ट सॉफ्टवेअर क्रॅश झाल्यामुळे बंद पडायची आणि त्याला २१ मजले चढावे लागायचे, तिथून ही कल्पना आली असं सांगतात. २००९ पासून मोझिलाने पाठबळ दिलं, आणि १५ मे २०१५ ला रस्ट १.० आली.

आपला याच्याशी काय संबंध? फोन हातात आहे ना, त्याच्याशीच आहे. सी आणि सी++ मध्ये मेमरी आपण स्वतः सांभाळतो. फ्री केलेली मेमरी चुकून पुन्हा वापरली, अॅरेच्या बाहेर लिहिलं, तर कंपायलर बहुतेक वेळा गप्प बसतो. मायक्रोसॉफ्टने २०१९ मध्ये सांगितलं की त्यांच्या सुरक्षेच्या त्रुटींपैकी साधारण ७० टक्के याच जातीच्या असतात. गूगलने अँड्रॉइडमधला नवा कोड रस्टसारख्या मेमरी-सेफ भाषांत लिहायला घेतला, आणि अशा त्रुटींचं प्रमाण २०१९ मधल्या ७६ टक्क्यांवरून २०२४ मध्ये २४ टक्क्यांवर आलं. लिनक्स कर्नलमध्येही डिसेंबर २०२२ च्या ६.१ आवृत्तीपासून रस्टला जागा मिळाली.

ओनरशिप म्हणजे खोपोलीची एकेरी लाइन

रस्टमध्ये सगळे अडखळतात ते ओनरशिपला. पुस्तकातली व्याख्या बाजूला ठेवा. पळसदरीहून खोपोलीकडे जाणारा ट्रॅक आठवा. एकेरी आहे. एका टप्प्यात एका वेळी एकच गाडी. एकेरी लाइनवर पूर्वी टोकन चालायचं: टोकन ज्या ड्रायव्हरच्या हातात, त्यानेच पुढे जायचं. टोकन दुसऱ्याला दिलं की तुमचा हक्क संपला.

रस्टमधल्या व्हॅल्यूचं तसंच. तिचा मालक एका वेळी एकच. फंक्शनला व्हॅल्यू देऊन टाकली की ती तुमची राहिली नाही. फक्त बघायला द्यायची असेल तर उसनी द्या, त्याला बॉरो म्हणतात. बघणारे कितीही चालतील. पण बदल करणारा असेल तर तो एकटाच, त्या वेळी दुसरं कुणी बघायलाही नको. एवढाच नियम आहे. तो डोक्यात मुरायला वेळ लागतो, हे मात्र खरं.

दुसरी गोष्ट घाटातली. खंडाळ्याहून कर्जतकडे उतरणाऱ्या गाड्यांसाठी बोरघाटात कॅच सायडिंग आहेत. तिथला पॉइंट आधीपासूनच सायडिंगकडे लावलेला असतो. गाडी ताब्यात आहे हे दिसलं की मगच मेन लाइन मिळते. ब्रेक गेलेली गाडी आपोआप सायडिंगमध्ये चढते आणि थांबते. म्हणजे काहीच केलं नाही तरी सुरक्षित, आणि पुढे जायचं तर आधी सिद्ध करा. रस्टची वृत्ती हीच. कोड सुरक्षित आहे हे कंपायलरला पटलं तरच पुढे. त्याला न पटणारं पण तुम्हाला खात्री असलेलं काही करायचंच असेल, तर तिथे स्पष्टपणे "अनसेफ" लिहावं लागतं. उद्या काही बिघडलं तर आधी कुठे शोधायचं, ते ठरलेलं.

शिकायची तरी का?

खरं सांगते. फ्रेशरसाठी थेट रस्टच्या जागा जावा आणि पायथनच्या तुलनेत फार कमी आहेत. कॅम्पस प्लेसमेंट तोंडावर आली असेल आणि घरून नोकरीची घाई असेल, तर आधी जे मागतात ते पक्कं करा. घरचे हप्ते बॉरो चेकर भरत नाही. बॅकएंडच लवकर करायचं असेल तर गो बघा. २००९ मध्ये गूगलमधून आलेली, लहान भाषा. डॉकर आणि कुबरनेटिस तिच्यातच लिहिलेत. झिगही छान आहे, पण अजून घडतेय, आवृत्ती बदलली की जुना कोड मोडू शकतो.

मग रस्ट कुणी घ्यावी? ज्यांना सिस्टिम्समध्ये जायचंय त्यांनी: ऑपरेटिंग सिस्टिम, डेटाबेस, एम्बेडेड, पेमेंट. बेंगळुरूच्या जसपेचा हायपरस्विच हा ओपन सोर्स पेमेंट प्रोजेक्ट रस्टमध्ये आहे, कोड उघडून वाचता येतो. आणि ज्यांना मेमरीबद्दल नीट विचार करायची सवय लावायचीय त्यांनीही घ्यावी. ती सवय सी++ च्या नोकरीतही उपयोगी पडते.

ती एक संध्याकाळ

आता टूल्स. सुदैवाने इथे फारसं निवडायचंच नाहीये. रस्टअप नावाचा अधिकृत इन्स्टॉलर आहे. तो टाकला की कंपायलर, कार्गो, रस्टफॉर्मॅट, क्लिपी आणि डॉक्युमेंटेशन, सगळं एकत्र येतं. लिनक्सवर लिंकरसाठी जीसीसी लागेल. विंडोजवर व्हिज्युअल स्टुडिओचे सी++ बिल्ड टूल्स मागतो, ते डाउनलोड काही जीबींचं असतं. मोबाइल डेटावर सुरू करू नका, वायफाय असेल तिथे उरका.

कार्गो प्रोजेक्ट बनवतो, लायब्ररी आणतो, बिल्ड आणि टेस्ट करतो. लॅपटॉप ८ जीबी रॅमचा असेल तर एक सवय लावा: सारखं "कार्गो बिल्ड" नको, "कार्गो चेक" चालवा. तो जवळजवळ सगळे एरर दाखवतो पण मशीन कोड तयार करत नाही, म्हणून बराच लवकर संपतो. आणि "टार्गेट" फोल्डर फुगत जातं, अधूनमधून "कार्गो क्लीन" करा.

क्लिपीबद्दल दोन वाक्यं जास्त बोलते. हा लिंटर आहे, म्हणजे कोड चालतोय पण याहून बरं लिहिता येईल असं सांगणारा. त्याचे सातशेहून जास्त नियम आहेत. तो २०१४ मध्ये सुरू केला मनीष गोरेगावकरने, आयआयटी मुंबईत शिकत असताना. विषय कॉम्प्युटर नव्हता, फिजिक्स होता. पुढे तो रस्टच्या डेव्हलपर टूल्सच्या टीममध्ये होता आणि कोअर टीममध्येही. आज जगभर जो कुणी रस्ट इन्स्टॉल करतो, त्याच्याकडे पवईत सुरू झालेलं हे टूल येतं. "आपल्याकडून काय होणार" म्हणणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवा.

एडिटर? व्हीएस कोड आणि त्यात रस्ट-अॅनालायझर हे एक्स्टेन्शन. विषय संपला. जुन्या यूट्यूब व्हिडिओंत आरएलएस टाकायला सांगतात, ते २०२२ मध्ये बाद झालं. डीबगरसाठी कोडएलएलडीबी. लॅपटॉप फारच दमत असेल तर हेलिक्स बघा, टर्मिनलमध्ये चालतो, हलका आहे. जेटब्रेन्सचा रस्टरोव्हर चांगला आहे आणि स्वतःच्या शिकण्यासाठी फुकट आहे, पण रॅम खातो. लॅपटॉपच नसेल तर? ब्राउझरमध्ये रस्ट प्लेग्राउंड उघडा, फोनवर चालतं, क्लिपीही आत आहे. नाहीतर अँड्रॉइडवर टर्मक्समध्ये रस्ट इन्स्टॉल होते.

कर्जत ते सीएसएमटी दोन तासांच्या आसपास लागतात आणि रेंज मध्येच जाते. काही बिघडत नाही. "रस्टअप डॉक" या कमांडला पुढे "बुक" जोडा, अख्खं अधिकृत पुस्तक नेटशिवाय उघडतं. रस्टलिंग्स हे छोटे सराव आहेत, एकदा उतरवले की रेंज नसतानाही सोडवता येतात.

एरर वाचायची, पळायचं नाही

तुम्हाला बहुतेक सगळ्यात आधी भेटेल ती ई०३८२. दिलेली वस्तू पुन्हा वापरली, ही तिची तक्रार. कंपायलर कुठे दिली, कुठे पुन्हा वापरली, काय करता येईल, हे ओळीवर बोट ठेवून दाखवतो. "रस्टसी एक्सप्लेन" आणि पुढे एररचा नंबर लिहिलात तर उदाहरणासह समजावतो. पहिल्या महिन्यात एआयचं ऑटोकम्प्लीट बंद ठेवा. एररचा अर्थ खुशाल विचारा, पण कोड तुम्हीच लिहा. नाहीतर एरर जाते आणि समज येतच नाही.

पहिला प्रोजेक्ट: पुढची खोपोली कधी?

चॅट अॅप वगैरे नको. साध्या टेक्स्ट फाइलमध्ये कर्जतहून खोपोलीला जाणाऱ्या गाड्यांच्या वेळा लिहा. प्रोग्रामला आत्ताची वेळ द्यायची, त्याने पुढची गाडी सांगायची. बस.

करायला घ्या, मग बघा रस्ट काय काय विचारते. फाइलच सापडली नाही तर? वेळ लिहिताना कुणी ६:७५ लिहिलं तर? ही दोन्ही उत्तरं "रिझल्ट" म्हणून येतात, आणि तुम्ही दुर्लक्ष करू बघितलंत तर ती टोकते. गाड्यांची यादी छापायच्या फंक्शनला देऊन टाकलीत आणि मग तीच शोधायला वापरलीत, की ई०३८२ हजर. तिथे ओनरशिप कळते, व्याख्या पाठ करून नाही.

स्टेशनच्या नावातही गंमत आहे. "खोपोली" या शब्दाची लांबी विचारा, उत्तर येतं १८. आपल्याला अक्षरं दिसतात तीन. कारण रस्ट बाइट मोजते: काना-मात्रा धरून सहा चिन्हं, प्रत्येकी तीन बाइट. म्हणूनच स्ट्रिंगचं "पहिलं अक्षर" थेट नंबर देऊन मागितलं तर ती देत नाही. रस्टच्या अधिकृत पुस्तकात हा मुद्दा "नमस्ते" हा देवनागरी शब्द घेऊनच समजावलाय.

आणि सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न शेवटी येतो. पुढची गाडी शोधणारं फंक्शन काय परत देणार? वेळ? आणि शेवटची गाडी निघून गेली असेल तर? काही भाषांत इथे नल जातो आणि प्रोग्राम रात्रीच कधीतरी पडतो. रस्टमध्ये उत्तर "ऑप्शन" असतं: गाडी आहे, किंवा नाही. नसेल तर काय छापायचं, हा प्रश्न रस्ट तुमच्यासमोर ठेवते. रात्री कर्जतच्या प्लॅटफॉर्मवर उभ्या माणसाला नेमकं तेच कळायला हवं असतं: थांबायचं, की शेअर रिक्षा बघायची.

तर मंडळी, आज संध्याकाळी रस्टअप टाका, उद्या वेळांची फाइल बनवा. पुढच्या एपिसोडमध्ये हाच प्रोजेक्ट घेऊन टेस्ट कशा लिहायच्या ते बघू. तोवर एरर पूर्ण वाचा, शेवटच्या ओळीपर्यंत. भेटू!