जुन्या छोट्या मोटारीचा रंग

आजचा विषय ऐकून कित्येकांस हंसूं येईल. वीतभरहि नसलेली खेळण्यांतली मोटार आणि तिचा रंग, यांवर वयस्क माणसानें काय बोलावें? परंतु जुनी वस्तु नीट करतांना तिचा इतिहास राहावा कीं पुसला जावा, हा प्रश्न देवळाच्या जीर्णोद्धारांत जितका खरा, तितकाच या मोटारीच्या बाबतींतहि खरा आहे.

लिव्हरपूल येथें फ्रँक हॉर्न्बी यांच्या मेकॅनो कंपनीनें १९३४ सालीं ‘डिंकी टॉइज’ या नांवानें धातूच्या लहान मोटारी विकण्यास आरंभ केला. पुढें अशा मोटारींकरितां १:४३ हें प्रमाण रूढ झालें. त्या जस्ताच्या मिश्रधातूच्या ओतीव असत. दुसऱ्या महायुद्धापूर्वींच्या कांहीं मोटारींच्या धातूंत शिशाचा अंश राहून गेला. त्यामुळें त्या आपोआप तडकतात व त्यांचा भुगा होतो. रोग हाडांत असतां चंदनाचा लेप काय करणार? म्हणून प्रथम भेगा पाहाव्या.

मूळ रंग बराचसा शाबूत असेल, तर त्यास मुळींच हात लावूं नये. त्यावरचे टवके ही कोणा मुलाच्या खेळाची साक्ष असते. नव्या रंगाखालीं ती बुडते आणि संग्राहकांच्या लेखीं मोलहि घटतें. जिचा धातु सर्वत्र उघडा पडला आहे, किंवा जी पूर्वींच कोणीं भलत्याच रंगानें माखली आहे, ती मात्र खुशाल रंगवावी. जुन्या रंगांत शिसें असण्याचा संभव असतो. तेव्हां तो कोरडा घासून धूळ उडवूं नये. वॉटर पेपर पाण्यांत भिजवून घासावा आणि मुलांस दूर ठेवावें. मग साबणानें धुवून, पुरतें वाळवून अस्तर द्यावें, व एका जाड थराऐवजीं रंगाचे दोनतीन पातळ थर द्यावे.

उदाहरणार्थ, मुंबईची काळी-पिवळी पद्मिनी टॅक्सी घेऊं. प्रीमियरच्या कुर्ला येथील कारखान्यांत तयार झालेली ही गाडी ऑक्टोबर २०२३ अखेर टॅक्सी म्हणून मुंबईच्या रस्त्यांवरून कायमची गेली. खरी गाडी सुमारें ३.९ मीटर लांब. १:४३ प्रमाणाचें मॉडेल सुमारें ९ सेंटिमीटर. येथें त्रैराशिक विसरून चालत नाहीं. मॉडेलवरचा १ मिलिमीटर रुंदीचा ओरखडा खऱ्या गाडीवर ४ सेंटिमीटरांहून अधिक रुंद होईल! तेव्हां ओरखडे अगदीं बारीक कुंचल्याच्या अग्रानेंच काढावे. निव्वळ काळा रंगहि लहान आकारांत फार गडद दिसतो. त्यांत थोडा करडा मिसळावा.

आतां ऊनपावसाच्या खुणा. जस्तावर लोखंडासारखा तांबडा गंज कधींच चढत नाहीं. तो रंगवावाच लागतो. आपल्या गेरूचा तांबडेपणा लोखंडाच्या ऑक्साइडामुळेंच आलेला असतो, म्हणून त्याची वस्त्रगाळ पूड या कामास उत्तम. परंतु ती लावावी कोठें? जेथें पाणी साचतें तेथें: दारांच्या खालच्या कडांस, चाकांवरील कमानींस, टपावरच्या कॅरिअरच्या पायांशीं. उन्हानें टपाचा पिवळा रंग फिका पडतो. दाराच्या मुठीपाशीं रंग बोटांनीं झिजतो, तेथें गंजापेक्षां चकाकी दिसते. चिखल चाकांच्या मागें उडतो. फटींत पातळ तपकिरी रंग सोडून वरचा लगेच पुसून घ्यावा. शेवटीं बिनचकाकीच्या वार्निशाचा एक हलका हात द्यावा.

वर्गांत मी मुलांजवळ नुसतें उत्तर नव्हे, तर रीत मागत असें. येथेंहि प्रत्येक डागास कारण हवें. जें सांगतां येत नाहीं, तो डाग पुसावा. त्या टॅक्सींत पाऊस कोठून शिरे, चालकाचा हात कोठें टेकलेला असे, हें पाहिलेलीं माणसें आज आपल्या घरांत व शेजारीं आहेत. तीं आहेत तोंवर त्यांना विचारून हे डाग लावून घ्यावे.